तिसऱ्या हाकेचा आवाज

रहाटणीतल्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर शालनबाई राहतात. खाली जिथे आता गाड्या लागतात, तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचं कांद्याचं वावर होतं. जमीन बिल्डरकडे गेली, बदल्यात फ्लॅट आले, मुलगा निरंजन चाकणला कंपनीत लागला, घरात सून आली. शालनबाई मात्र लिफ्टमध्ये एकट्या असल्या की अजून भिंतीला हात लावून उभ्या राहतात. सुती नऊवारी, कपाळ मोकळं, हातात भाजीची पिशवी. त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटणार नाही की एके काळी या पट्ट्यात एक लग्न असं होत नव्हतं, जिथे या बाईचा आवाज वाजला नाही.

गाण्याचं नाव 'सात दहाची बस'. ते मी रेकॉर्ड केलं. मी म्हणजे दादासाहेब. पिंपरी कॅम्पात माझं कॅसेटचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माळ्यावर रेकॉर्डिंगची खोली. आता त्याच गाळ्यात मी मोबाइलची कव्हरं विकतो. गाण्याची हकीकत कुणी विचारली की मी एक ठरलेली हकीकत सांगायचो. तीस वर्षं तीच सांगितली, आणि ती अर्धी खोटी होती. आता खरी सांगतो. लपवायचं होतं ते एकाच माणसापासून, आणि त्या माणसाला आता सगळं कळलं आहे.

गाणं लिहिलं शालनबाईंच्या नवऱ्यानं, ज्योतीरामनं. चिंचवडला एका कारखान्यात तो कामाला होता, गावच्या भजनी मंडळात टाळ धरायचा, आणि डोक्यात सारखं काहीतरी जुळवत असायचा. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस रहाटणीच्या नाक्यावर सात दहाला यायची. हा गडी रोज डबा घरी विसरायचा. शालनबाई डबा घेऊन मागे धावत यायच्या आणि लांबून हाक मारायच्या, "अहो!" हा ऐकू न आल्यासारखं करायचा. दुसरी हाक, तरी ढिम्म. तिसऱ्या हाकेला वळायचा आणि म्हणायचा, "आलो गं, आलो!" सगळी बस हसायची.

डबा तो मुद्दाम विसरायचा. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना चांगला दाढीमिशीवाला माणूस लाजून लाल झाला. "तेवढीच चार पावलं बरोबर चालाया मिळत्यात राव," म्हणाला. "घरात आई असती, सगळी असत्यात."

गाणं तेवढंच होतं. साधं, नाचरं.

'सात दहाची बस आली, धूळ उडाली नाक्यावर,
डबा राहिला चुलीपाशी, जीव न्हाई थाऱ्यावर.'

मग तीन हाका, आणि तिसरीला त्याची ओ. पुन्हा धृपद. मला ऐकताक्षणी कळलं की हे चालणार. दुसरं काही येत नसलं तरी तेवढं मला कळायचं.

चौऱ्याण्णव साल, सोमवारची सकाळ. ज्योतीरामला त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, म्हणून दुपारपर्यंत मोकळा होता. माझ्याकडे चार आवाज चार वेगळ्या पट्ट्यांवर धरणारं जुनं टेपचं मशीन होतं. भैरूची ढोलकी आणि पेटी आदल्या दिवशीच धरून ठेवली होती. आता या दोघांचे आवाज घ्यायचे. शालनबाई सव्वीस वर्षांच्या. हळदीला, जात्यावर गायलेल्या, पण नवऱ्यासमोर आणि परक्या माणसासमोर माइकपुढे गायचं म्हणजे त्यांच्या तोंडाला कोरड पडली. मी खोलीत दोरी बांधून तिच्यावर दोन जाड गोधड्या टाकल्या. अलीकडे शालनबाई, पलीकडे ज्योतीराम. दोघं एकमेकांना दिसत नव्हती. गोधडीमुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणार नाही, असा माझा हिशेब होता. माझ्या अकलेचे तारे तेव्हा फार जोरात चमकत होते.

टेप सुरू झाली. शालनबाईंनी डोळे मिटले आणि असा आवाज लावला की मी खुर्चीत सरळ बसलो. कडवं झालं. पहिली हाक आली, "अहो!" आणि गोधडीपलीकडून लगेच, हसत, ज्योतीराम बोलून गेला, "आलो गं, आलो!"

पहिल्याच हाकेला.

शालनबाईंनी गाणं सोडलं नाही. पुढच्या दोन हाका मारल्या, पण तिसरीला आवाज थरथरला. तो थरथरणारा आवाजच पुढे लोकांनी डोक्यावर घेतला. गाणं संपवून त्या गोधडीबाहेर आल्या तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं.

आता ज्यांचं लहानपण फ्लॅटमध्ये गेलं त्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे गावात जुनी माणसं बजावून ठेवत. जे माणूस डोळ्याला दिसत नाही, त्याच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं. न्यायला आलेलं असतं ते एकदाच मारतं, फार तर दोनदा. ज्योतीरामच्या आईनं हे सुनेला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. नाक्यावरचा त्यांचा तीन हाकांचा खेळसुद्धा त्यातूनच आलेला.

"त्यांचं पुसा," शालनबाई मला म्हणाल्या. "माझं ऱ्हाऊ द्या, पण त्यांनी बोलल्यालं आधी पुसा."

ज्योतीराम हसत होता. "अगं, तूच हाक मारली, तूच घाबरती व्हय?"

मी त्याच्या आवाजाची पट्टी त्यांच्यादेखत पुसली. दोनदा पुसली, कारण त्या दोनदा म्हणाल्या. तोवर शिफ्टची वेळ झाली होती. ज्योतीराम चपला घालत म्हणाला, "गुरुवारी सुट्टी हाय, तवा येऊन बोलून जातो. एक ओळ तर हाय." आपल्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची.

बुधवारी सकाळी काळेवाडीच्या रस्त्याला त्याच्या सायकलला मागून ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेला. निरंजन तेव्हा दोन वर्षांचा होता.

बुधवारी तो कुठे निघाला होता? घरी सांगून निघाला होता, "गुरुवारची वाट कशाला बघू, आजच जाऊन ती ओळ बोलून येतो." म्हणजे माझ्याकडे. तो माझ्यापर्यंत आला नाही. पण जाताना गेला की परत येताना, हे कुणाला कसं कळणार? रस्ता एकच आहे.

तेराव्याला मी रहाटणीला गेलो. बायका आत बसल्या होत्या. शालनबाई दारापर्यंत आल्या, हात चौकटीला धरला आणि मला एकच विचारलं, "दादा, ते पोचलं व्हतं का तुमच्याकडं? बोलून गेलं का?"

त्या डोळ्यांपुढे मी काय बोलणार होतो? मी म्हणालो, "हो. बोलून गेला. झकास बोलला."

त्या तिथेच खाली बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. त्यांच्या नणंदेनं मला नंतर सांगितलं की तेरा दिवस त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मला वाटलं, मी पुण्य केलं. असलं पुण्य वैऱ्यानंसुद्धा करू नये.

कारण आता टेपवर तो आवाज असायला हवा होता, आणि तो मी पुसला होता. मेलेल्या माणसाच्या आवाजाची होती ती एकच खूण, दोनदा पुसलेली. आठ दिवस मी माळ्यावर गेलो नाही. मग एका दुपारी दार लावून घेतलं, तोंडावर रुमाल धरला आणि ज्योतीराम कसा हसत बोलायचा ते आठवून आठवून तिसऱ्या हाकेनंतर बोललो, "आलो गं, आलो!" अकरा वेळा बोललो. बाराव्याला मला स्वतःलाच अंगावर काटा आला, म्हणून तेच ठेवलं. वर प्रतिध्वनीचं भरपूर पाणी घातलं.

कॅसेट निघाली आणि गाणं सुटलं ते सुटलंच. भोसरीपासून तळेगावपर्यंत लग्नाच्या मांडवात, कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या टपरीवर, गणपतीत. 'आलो गं, आलो' हे तर पोरांच्या तोंडी झालं. बॉसनं बोलावलं की कामगार आपसात तेच म्हणत. कव्हरवर मी कुठल्याशा नटव्या बाईचा फोटो लावला होता, तेव्हा तसाच रिवाज होता. शालनबाईंना मी साडी-चोळी आणि नारळ नेऊन दिला. पुढे मी आणि आणखी चौघांनी गळ घातली, पण त्या परत कधी गायल्या नाहीत.

त्यांनी एक टेपरेकॉर्डर तेवढा घेतला. रोज सकाळी देवाला दिवा लावायचा आणि सात दहाला ते गाणं लावायचं. तिसऱ्या हाकेनंतर ओ आली की मग चहा टाकायचा. रोज. पाहुणे असोत, आजारपण असो, नातू झालेला दिवस असो. सासू गेली, नणंदा गेल्या, घर पाडून इमारत झाली, टेपरेकॉर्डरचा सीडी प्लेअर झाला, सीडीचा पेनड्राइव्ह झाला. सात दहा तेच राहिले.

आणि दर भाऊबीजेला मला ओवाळायला यायच्या. ज्योतीरामचं शेवटचं बोलणं ज्याच्यापाशी झालं तो माणूस, म्हणून मला भाऊ मानलं होतं त्यांनी. ताटातला दिवा माझ्या तोंडाभोवती फिरवायच्या, आणि मी ज्या तोंडानं ते बोललो होतो ते तोंड घट्ट मिटून पाटावर बसायचो.

माझं काय झालं तेही सांगतो. एका माणसाला आपला आवाज किती वेळा ऐकावा लागावा? सिग्नलला पिकअप उभी राहायची आणि तिच्यातून मी बोलायचो. बाजारात मागून मी बोलायचो. दर वेळी वळून बघायचो, आणि दर वेळी वाटायचं की ज्योतीराम उभा असेल आणि विचारेल, माझ्या बायकोला ओ देणारा तू कोण? न दिसणाऱ्या माणसाला पहिल्या हाकेला ओ देणं मी तेव्हापासून सोडलं. माझी बायको साधना स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची. एकदा रेडिओवर गाणं लागलं असताना ती एवढंच म्हणाली, "हा आवाज तुमच्यासारखा वाटतो." मी म्हणालो, "काहीतरीच." तिनं परत विषय काढला नाही. तिला कळलं होतं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग कॅसेटा संपल्या, दुकान संपलं, लोकांना इतर गाणी मिळाली. मला वाटलं, आता हा आवाज रहाटणीतल्या एका देवघरापुरता उरला. तोही माझ्याबरोबर जाईल.

तेवढ्यात ही तनुजा उपटली.

तनुजा लातूरकडची पोरगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसून जुनी गाणी नव्यानं गाते आणि मोबाइलवर टाकते. तिचे वडील तरुणपणी वर्षभर भोसरीत कामाला होते, जाताना माझी कॅसेट गावाला घेऊन गेले होते. पोरीनं ते गाणं उचललं, ढोलकी काढून टाकली, चाल संथ केली, एक गिटार ठेवली आणि नुसतं गायलं. तीन हाका मारल्या. आणि तिसऱ्या हाकेनंतर काहीच नाही. चार मात्रा रिकाम्या. मग गाणं पुढे.

मला विचाराल तर लग्नाच्या गाण्याचं तिनं सुतक केलं होतं. पण चाललं. असं चाललं की पहिल्यांदा कॅसेट निघाली तेव्हा मी चक्रावलो नव्हतो इतका आता चक्रावलो. जो तो त्या रिकाम्या चार मात्रांवर आपापलं काहीतरी लावत होता. कुणी गावाकडचं बंद घर, कुणी बापाची चप्पल, कुणी कंपनीच्या बसमधली रिकामी सीट. तनुजा नंतर मला म्हणाली, "काका, मी रोज बसस्टॉपला उभारते. तिथं कुणी कुणाला हाक मारत नाही, ओ कोण देणार? म्हणून तसंच ठेवलं की."

सुनेच्या मोबाइलवर ते शालनबाईंनी ऐकलं. चौथ्या दिवशी त्या रिक्षा करून माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकट्या.

"दादा, तिनं तीनदा हाक मारली," त्या म्हणाल्या. "कुनीच बोललं न्हाई."

मी म्हणालो, "ताई, ते नवीन गाणं आहे. तुमचं तुमच्याकडे आहेच की."

"हाय. पर आता ते लावलं तरी मला आधी ती गप ऐकू येती. जगात समदीकडं तीच वाजती म्हनं. लोक माझं ऐकायचं सोडतील. मग ते कुटं ऱ्हानार?" मग म्हणाल्या, "तीस वर्सं मी स्वतःला विधवा म्हनत व्हते, पर मला तसं वाटलं न्हवतं कदी. रोज ओ येत व्हती. आता वाटलं, आता गेलं."

त्यांचं एवढंच मागणं होतं. त्या पोरीला सांगा, ज्योतीरामचा आवाज गाण्यात परत घाल.

तनुजाला फोन केला तर ती उडालीच. मूळ गाणाऱ्या आजी हयात आहेत हे तिला माहीतच नव्हतं. म्हणाली, आजींचा जुना आवाज, आजोबांची ओ आणि माझा आवाज, तिन्ही मिळून नवीन करू, फक्त मूळ टेप द्या. टेप बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर होती. मी 'हरवली' म्हणू शकलो असतो. जिभेवर आलंही होतं. पण मी विचार केला की टेपवर आहे तरी काय? एका पट्टीवर शालनबाई, एकीवर माझी नक्कल. खोटं तीस वर्षं टिकलं, आणखी दहा वर्षं टिकेल, आणि बाईच्या जिवाला शांती मिळेल. डबा दिला.

पुण्यात एकाकडे तसलं मशीन अजून चालू आहे. त्यानं चारही पट्ट्या वेगवेगळ्या उतरवून दिल्या. पुढच्या गुरुवारी तनुजा लॅपटॉप घेऊन दुकानात आली, कानावर लावायचं माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, "काका, हे नुसतं आजींचं आहे. ढोलकी नाही, काही नाही. पहिल्या हाकेनंतर ऐका."

"अहो!"

आणि मागून, लांबून, जाड कापडाच्या पलीकडून, हसत, "आलो गं, आलो!"

मी ते कानावरचं काढून काउंटरवर ठेवलं. मी त्याची पट्टी पुसली होती. शालनबाईंच्या माइकमध्ये गोधडीतून जे झिरपलं होतं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वरून भैरूची ढोलकी वाजत होती, म्हणून कुणालाच कधी ऐकू आलं नाही. म्हणजे तीस वर्षं, प्रत्येक मांडवात, प्रत्येक बसमध्ये, रोज सकाळी त्या देवघरात, तो स्वतः पहिल्या हाकेला ओ देत होता. आणि मग तिसऱ्या हाकेला मी, चोरासारखा.

तनुजा माझ्याकडे बघत होती. "हा आवाज आणि तिसऱ्या हाकेचा आवाज वेगळा आहे काका. मी दिवसभर पार्ट तपासते. सारखं काय आणि वेगळं काय, तेवढंच तर माझं काम आहे." मग म्हणाली, "तिसरा तुमचा आहे ना?"

मी हो म्हणालो. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते एका परक्या पोरीला.

आठ दिवस मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. सांगितलं नाही तर बाईच्या नवऱ्याचा खराखुरा आवाज माझ्या हातात असताना मी तिला माझी नक्कल ऐकवत राहणार. सांगितलं तर तिला कळणार की तो पोचलाच नव्हता. रोज सकाळी तिनं ज्या आवाजावर चहा टाकला तो भावाचा होता. आणि ज्या गोष्टीला ती भ्याली होती, पुसा म्हणाली होती, ती पुसली गेलीच नाही. पहिल्या हाकेला दिलेली ओ तशीच तिथे आहे. शेवटी साधना म्हणाली, "तिचा नवरा आहे तो. तुम्ही कोण ठेवून घेणारे?" तेव्हा मला समजलं की साधनाला पहिल्यापासून माहीत होतं.

गुरुवारी मी आणि तनुजा सहाव्या मजल्यावर गेलो. निरंजन आणि सून बाहेर गेले होते. शालनबाईंनी चहा ठेवला. म्हटलं, आधी बसा. आणि सगळं सांगितलं, तेराव्यापासून रुमालापर्यंत. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"म्हंजी ते पोचलंच न्हाईत," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आन् रोज सकाळी?"

"मी."

त्यांनी पदर ओढून डोक्यावर घेतला, पार कपाळापर्यंत, आणि बसल्या जागी अंग वळवून बसल्या. तीस वर्षांत माझ्यासमोर त्यांनी कधी असा पदर घेतला नव्हता. परक्या पुरुषासमोर घेतात तसा.

"भाऊबीजेला ओवाळलंय मी तुमाला," भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या.

मी उठलो. दारात जाऊन उभा राहिलो. निघून जायचं होतं, पण पाय निघेनात.

तनुजा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "आजी, अजून एक आहे," म्हणाली, आणि हळूच त्यांच्या पदरावरूनच ते कानाला लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. त्यांचे हात दिसत होते, मांडीवर एकमेकांत गुंतवलेले. एकदम ते हात सुटले.

"परत," त्या म्हणाल्या.

तनुजानं परत लावलं. मग आणखी एकदा. मग त्यांनी स्वतःच ते काढून हातात धरलं.

"माझ्या हाकंनं गेलं असं वाटायचं मला," त्या तनुजाला सांगत होत्या, मला नाही. "न दिसता हाक मारली, त्यांनी ओ दिली, तिसऱ्या दिशी नेलं त्यांना. म्हनलं, मीच बोलावून घातलं. कुनाला बोलले न्हाई. सासूला बोलले असते तर तिनं मला घरात ठेवलं नसतं."

हे मला माहीत नव्हतं. मी माझंच एक ओझं वाहत होतो आणि मला वाटत होतं की या घरात तेवढंच आहे.

"पर हसत्यात गं ते," शालनबाई म्हणाल्या. आता आवाज फुटला होता. "भ्यालेलं न्हाईत. मधी एवढी गोधडी, मी दिसत न्हवते, तरी पहिल्या हाकंतच वळखलं मला. वळखल्यावर तिसरीपत्तूर थांबायचं कशाला?"

बराच वेळ त्या रडल्या. आत ठेवलेला चहा आटून करपल्याचा वास आला, तेव्हा तनुजानं उठून गॅस बंद केला.

नवीन गाण्याचं काय करायचं, हे शेवटी तनुजानंच विचारलं. शालनबाईंनी डोळे पुसले. "पहिल्या हाकंनंतर ढोलकी थांबव," त्या म्हणाल्या. "त्यांना बोलू दे."

"आणि तिसऱ्या हाकेचं?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, पदराआडून. "ते पुसा," मला म्हणाल्या. "तुमच्या हातानं पुसा."

मी पुसलं. तनुजानं लॅपटॉपवर जागा दाखवली, मी बटण दाबलं. एका बोटाचं काम होतं.

ते गाणं आता निघालं आहे. ऐकलंत तर कळेल, पहिल्या हाकेनंतर ढोलकी एकदम गप होते आणि लांबून कुणीतरी हसत बोलतं. लोक विचारतात, हा कोण? तनुजानं खाली नाव लिहिलं आहे, ज्योतीराम. तिसऱ्या हाकेला कुणी बोलत नाही. माणूस तोवर आलेला असतो.

जुन्या पिकअपमधून मी मात्र अजून वाजतो. त्याला इलाज नाही.

यंदा भाऊबीजेला साधनानं पाट मांडला आणि दुपारी उचलून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पुढे मोबाइलची कव्हरं माळेसारखी टांगलेली असतात, त्यांच्यापलीकडचा माणूस दिसत नाही. मी खाली वाकून खोकी लावत होतो. पलीकडून आवाज आला, "दादा."

एकदाच आला. पलीकडे कोण आहे ते दिसत नव्हतं, पण मी दुसऱ्या हाकेची वाट बघितली नाही. "आलो," म्हणालो आणि उठलो.